उत्तर बसलं, पण का बसलं? : अवघड गूढ शब्दकोडी सोडवणाऱ्यांसाठी धागा

पेन्सिल-खोडरबर

काल रात्री एक शोधसूत्र अकरा दिवसांनी सुटलं. कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवत नाही, म्हणून हा धागा काढतोय.

शोधसूत्र असं होतं :

कसा गरजतो आतून! (३)

तीन अक्षरी शब्द. शेवटचं अक्षर 'र', ते उभ्या शब्दातून आधीच मिळालं होतं. पहिल्या दिवशी मी अगदी खात्रीनं 'अंतर' लिहिलं. आतून म्हणजे अंतरातून, शेवटी र, घरं तीन, झालं काम. रात्री झोपताना मात्र टोचायला लागलं. मग 'गरजतो' कुठे गेलं? गूढ कोड्यात एकही शब्द जागा भरायला आलेला नसतो, आणि माझ्या 'अंतर'मुळे फक्त एका शब्दाचा हिशेब लागत होता. सकाळी खोडून टाकलं.

मग सिंहाच्या मागे लागलो. केसरी, मृगेंद्र, वनराज, एकही बसेना. ढगांकडे वळलो, तर जलधर चार अक्षरी. तिसऱ्या की चौथ्या दिवशी 'उदर' सुचलं आणि मी जवळजवळ उडालोच. पोट आतून गरजतं, तीन अक्षरं, शेवटी र. पण उदर नपुंसकलिंगी आणि शोधसूत्र म्हणतंय 'कसा गरजतो'. चांगला कोडेकार लिंगाची चूक करत नाही. त्याच कारणानं 'अंतर'ही तेव्हाच बाद व्हायला हवं होतं, हे माझ्या उशिरा लक्षात आलं. म्हणजे उत्तर पुल्लिंगी आहे एवढं हाती लागलं आणि पुढचा आठवडा तिथेच थांबलो. कामात असताना, जिना चढताना, कुणाशी बोलताना मध्येच तेच वाक्य. खरं सांगतो, दोनदा कागद फाडून टाकावासा वाटला.

काल अर्थाचा नाद सोडून नुसती अक्षरं मोठ्यानं म्हणत बसलो. क, सा, ग, र, ज, तो. तिथेच थांबलो. सा-ग-र. अकरा दिवस मी समुद्राकडे बघत होतो आणि समुद्र शोधत होतो. 'आतून' हा कोडेकाराचा हुकूम होता, आत बघ म्हणून. आणि तेच वाक्य पुन्हा सलग वाचलं तर समुद्राचं वर्णन. एकच वाक्य दोन कामं करत होतं, एक शब्दही शिल्लक न ठेवता.

त्या क्षणी जे झालं त्याला मला अजून शब्द सापडलेला नाही. हातावर काटा आला एवढं नक्की. तुम्हाला कुठल्या शोधसूत्रानं असं छळलंय, आणि तुम्ही का टिकून राहता, ते वाचायला आवडेल.

पहिलंच कोडं

लेख दोनदा वाचला. साधी शब्दकोडी मी बरीच सोडवली आहेत, म्हणजे 'समुद्र (३)' असं दिलं की सागर लिहायचं. यात वेगळं काय असतं, ते कुणी मुळापासून सांगेल का? 'आतून' हा हुकूम आहे हे तुम्हाला कसं कळलं? मला तर ते वाक्य एखाद्या कवितेतल्या ओळीसारखं वाटलं.

तिरपी रेघ

कवितेतल्या ओळीसारखं वाटलं ना, तीच तर कोडेकाराची इच्छा असते.

साध्या कोड्यात एकच वाट असते, अर्थावरून शब्दाकडे. गूढ शोधसूत्रात त्याच शब्दाकडे नेणाऱ्या दोन वाटा असतात. एक म्हणजे नेहमीचा अर्थ, तो बहुतेक वेळा वाक्याच्या सुरुवातीला किंवा शेवटी असतो. उरलेल्या भागात अक्षरांची करामत. ही दोन टोकं कुठे जोडली आहेत ते दिसू नये म्हणून वरून एका सरळसाध्या वाक्याची चादर घातलेली असते. एक सोपं घ्या :

विश्व पालथं घातलं तेव्हा हत्ती दिसला (२)

वाचल्यावर डोळ्यांपुढे एक माणूस येतो, रानोमाळ हिंडणारा, शेवटी हत्ती सापडलेला. त्या माणसाला विसरून जा. विश्व म्हणजे 'जग'. पालथं घालणं म्हणजे आपण 'सगळीकडे शोधणं' समजतो, पण इथे ते शब्दशः घ्यायचं. ज-ग पालथं केलं की ग-ज. गज म्हणजे हत्ती, तो वाक्याच्या शेवटी बसलेलाच आहे. 'पालथं', 'उलटं', 'परतलं', 'फिरलं' असे शब्द दिसले की अक्षरं उलटी वाचून बघायची. 'विस्कटलं', 'बिघडलं', 'वेडंवाकडं' असेल तर ती हलवून नवा क्रम लावायचा. 'पोटात', 'आत', 'लपलं' असेल तर काहीतरी कशाच्या तरी आत आहे. काही शोधसूत्रांत करामत नसते, एकाच शब्दाचे दोन अर्थ शेजारी ठेवलेले असतात. 'दिवस घाव घालतो (२)' याचं उत्तर 'वार'.

सुरुवातीला दिवसाला एक सुटलं तरी खूप. आणि मुख्य म्हणजे वाक्यावर विश्वास ठेवू नका, शब्दांवर ठेवा.

सरळवाट

मी वेगळं मत मांडतो, कुणी मनाला लावून घेऊ नये. 'गज' मला पटलं. तिथे हत्ती असा स्वच्छ अर्थ दिलाय. पण 'कसा गरजतो आतून' मध्ये अर्थ कुठे आहे? गरजणाऱ्या हजार गोष्टी असतात. समुद्र, जलाशय, असं काहीही त्यात नाही. धागाकर्त्यांचे अकरा दिवस गेले यात त्यांची काही चूक नाही, कोडेकारानं पुरेसं दिलंच नाही असं माझं म्हणणं आहे. अवघड आणि अन्यायी यात फरक असतो. मी चार वर्षं नेमानं इंग्रजी गूढ कोडी सोडवत होतो आणि शेवटी सोडली ती याच कारणानं. उत्तर कळल्यावर 'अरे हो!' असं वाटायला हवं. माझ्या तोंडून बरेचदा 'हे कुणाला कसं सुचावं?' एवढंच निघायचं. ती चीड दिवसभर पुरते.

पेन्सिल-खोडरबर

सरळवाट, तुमची तक्रार फार जुनी आहे आणि रास्त आहे. हा खेळ जो घडला तो अशाच तक्रारींतून घडला.

पहिलं शब्दकोडं १९१३ च्या डिसेंबरमध्ये न्यूयॉर्कच्या एका वृत्तपत्रात आलं, ते साधंच होतं. गूढ प्रकार ब्रिटनमध्ये पुढच्या दशकात रुजला. 'ऑब्झर्व्हर'मध्ये १९२६ पासून एडवर्ड पोइस मॅदर्स हे कवी आणि अनुवादक 'टोर्केमाडा' या नावानं कोडी रचू लागले. टोर्केमाडा हा स्पेनमधल्या धर्मन्यायालयाचा प्रमुख, छळासाठी कुप्रसिद्ध. नावातच इरादा सांगितला होता म्हणायचं. त्यांची कोडी विलक्षण होती, पण कित्येकदा सोडवणाऱ्याच्या हाती धरायला काहीच नसायचं. १९३९ मध्ये ते गेले आणि त्यांच्या जागी डी. एस. मॅकनट आले. त्यांनीही धर्मन्यायालयाच्याच दुसऱ्या एका प्रमुखाचं नाव घेतलं, झिमेनीझ, पण वाट अगदी वेगळी धरली. सोडवणाऱ्याशी प्रामाणिक राहायचं म्हणजे नेमकं काय करायचं, याचे नियम त्यांनी घालून दिले आणि १९६६ मध्ये पुस्तकरूपानं मांडले. अर्थ नेमका हवा, करामत नेमकी हवी, आणि या दोन्हींखेरीज वाक्यात काहीही नको. १९७२ पासून त्या जागी आलेल्या 'अझेड'नी तीच शिस्त पुढे चालवली. हे नावही तसंच, डेझा नावाच्या धर्मन्यायाधीशाचं, फक्त उलटं.

त्याआधी १९४९ मध्ये 'आफ्रिट' या नावानं लिहिणाऱ्या रिची यांनी याचं सार एका वाक्यात सांगून ठेवलं होतं. त्याचा आशय असा की मी जे म्हणतो तेच माझ्या मनात असेल असं नाही, पण जे मनात आहे ते मला म्हणावंच लागेल. फसवायची मुभा आहे, खोटं बोलायची नाही. मी कुठलंही शोधसूत्र याच कसोटीवर घासतो.

आता 'सागर'बद्दल. हा प्रकार असा की पूर्ण वाक्य करामतही असतं आणि पूर्ण वाक्य अर्थही असतं. त्यात अर्थ थोडा सैल राहतो हे तुमचं म्हणणं मान्य. पण करामतीचा भाग इतका घट्ट आहे की 'सागर'शिवाय दुसरं काही निघूच शकत नाही. शब्द समोर छापलेला होता. मला तरी अन्याय वाटला नाही. अकरा दिवस माझे गेले, पण कोडेकारानं माझ्यापासून काहीही लपवलं नव्हतं.

सरळवाट

'म्हणावंच लागेल' हे आवडलं. मग माझा राग काही ठरावीक कोडेकारांवर होता, खेळावर नव्हता, असं समजायला जागा आहे. विचार करतो.

अक्षरजुळणी

मी मराठीत गूढ कोडी रचते, सोडवण्यापेक्षा जास्त रचते. त्या बाजूचंही थोडं सांगते, कारण तिथली डोकेदुखी वेगळीच आहे.

इंग्रजीत एका घरात एक अक्षर, आणि वळणं सव्वीस. आपल्याकडे घरात काना-मात्रा-वेलांटीसकट पूर्ण अक्षर बसतं, जोडाक्षर असेल तर तेही एकाच घरात. 'शब्द' या शब्दाला दोनच घरं, श आणि ब्द. ते उलटं केलं की 'ब्दश', ज्याचा कुणालाच उपयोग नाही. इंग्रजीतला आठ-नऊ घरांचा शब्द आपल्याकडे तीन-चार घरांत संपतो, त्यामुळे आडवे-उभे शब्द एकमेकांना छेदतात ते कमी ठिकाणी. छेद कमी म्हणजे सोडवणाऱ्याला मिळणारी मदत कमी. इंग्रजीतल्या पंधरा बाय पंधराच्या चौकटीत साधारण निम्मी अक्षरं दोन्हीकडून पडताळता येतात. मराठीत ते साधायला घाम निघतो.

त्यात ऱ्हस्व-दीर्घ. एकदा पूर्ण कोडं जुळलं, शोधसूत्रं लिहून झाली, आणि शेवटच्या तपासणीत दिसलं की 'कवी'ची वी आणि 'विचार'ची वि एकाच घरात आहेत. उजवीकडचा सगळा कोपरा उसवला. तीन आठवड्यांचं काम होतं. तेव्हा डोळ्यांत पाणी आलं होतं, लपवत नाही.

पण मग कधीतरी भाषा स्वतःहून काहीतरी हातात ठेवते. हे बघा :

रजनी विस्कटली, कमळ उमललं (३)

र-ज-नी हलवा, नी-र-ज होतं. नीरज म्हणजे पाण्यात जन्मलेलं, कमळ. वेलांटी दीर्घ तर दीर्घच, एक मात्रा इकडची तिकडे करावी लागली नाही. आणि रात्र विस्कटली की कमळ उमलतं हे चित्रही खरं. हे मी रचलं असं म्हणवत नाही, ते होतंच. मला फक्त दिसलं. त्या दिवशी मी दुसरं काही केलं नाही.

आता एक प्रश्न सगळ्यांना. 'वेडावाकडा वानर झाला पती (३)', उत्तर नवरा. व, न, र ही व्यंजनं तीच, काना एकच, पण वानरात तो व-ला आहे आणि नवऱ्यात र-ला. हे चालवून घ्याल का?

तिरपी रेघ

मी नाही चालवून घेणार. काना सुटा करून कुठेही लावता येतो असं एकदा मान्य केलं की सोडवणाऱ्यानं नेमकं काय हलवायचं याला धरबंध राहत नाही. 'रजनी-नीरज'चं सौंदर्य त्या कडक नियमामुळेच आहे.

सरळवाट

मला उलट वाटतं. 'वेडावाकडा' म्हटलंय ना? काना जागेवरून हलणं हाच तर वेडेवाकडेपणा. कोड्याच्या वर 'काना-मात्रा सुट्या मानल्या आहेत' एवढी सूचना दिली तर मी आनंदानं सोडवीन. नियम आधी सांगितला की तो न्याय्य होतो.

पेन्सिल-खोडरबर

आधी सांगितला तर माझीही हरकत नाही. न सांगता केलं तर मी सरळवाटांच्या बाजूनं भांडायला उभा राहीन.

रात्रीचा दिवा

मी या गोष्टीत पडले ती दादामुळे. आम्ही वेगवेगळ्या गावी राहतो, एकच कोडं दोघांकडे असतं आणि रात्री फोनवर सोडवतो. तो अर्थाकडून येतो, मी अक्षरांकडून. कित्येकदा दहा-दहा मिनिटं कुणी काही बोलत नाही, फोन मात्र चालू. मध्येच एक जण 'थांब, थांब' म्हणतो. त्या 'थांब'साठी मी दिवसभर वाट बघते. गेल्या वर्षी आमच्यात एका घरगुती गोष्टीवरून अबोला झाला होता, दोन महिने. तो मोडला तो एका अडलेल्या शोधसूत्रावरून. त्यानं फक्त आकडा पाठवला, 'चौदा आडवा?' मी उत्तर पाठवलं, आणि मग फोन आला.

'गार्डियन'मध्ये 'अराउकारिया' या नावानं वर्षानुवर्षं कोडी रचणारे जॉन ग्रॅहम यांच्याबद्दल इथे कुणी लिहिलं नाही, म्हणून लिहिते. ते धर्मोपदेशक होते. अराउकारिया हे झाडाचं नाव, इंग्रजीत त्याला 'मंकी पझल' म्हणतात, आणि 'चिली पाइन'ही म्हणतात. 'फायनान्शिअल टाइम्स'मध्ये ते 'सिनेफाइल' या नावानं लिहीत. त्या नावातली अक्षरं हलवली की इंग्रजीत नेमकं 'चिली पाइन' होतं. जानेवारी २०१३ मध्ये त्यांच्या एका कोड्याच्या वर छोटीशी सूचना होती, की अराउकारियाला एकोणिसाव्या जागचा अठरावा शब्द झाला आहे आणि त्यावर तेराव्या-पंधराव्या शब्दांचे उपचार चालू आहेत. लोक सोडवायला बसले. अठरा म्हणजे कर्करोग, एकोणीस म्हणजे अन्ननलिका, तेरा-पंधरा मिळून वेदनाशामक शुश्रूषा. आपल्या माणसाचं दुखणं प्रत्येकाला एकेक अक्षर भरत, स्वतःच्या हातानं कळलं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ते गेले, ९२ व्या वर्षी.

हे मी दादाला वाचून दाखवलं तेव्हाही आम्ही दोघं बराच वेळ काही बोललो नाही.

पहिलंच कोडं

हे वाचून गलबलून आलं.

मी तीन दिवसांत चार शोधसूत्रं सोडवली! पण पाचव्यावर अडले आणि उत्तर बघून टाकलं. तेव्हापासून चुटपुट लागली आहे. तुम्ही लोक उत्तर कधीच बघत नाही का?

तिरपी रेघ

बघतो की. शिकताना बघायलाच हवं, नाहीतर करामतींची ओळख कशी होणार? फक्त बघण्याआधी एकदा कागद मिटून ठेवा आणि रात्र जाऊ द्या. मी याचा अनुभव इतक्यांदा घेतलाय की आता तो सवयीचा भाग झालाय. संध्याकाळी तासभर डोकं आपटूनही न हललेलं शोधसूत्र सकाळी दात घासताना आपोआप उलगडतं. ब्रिटिश विचारवंत ग्रॅहम वॉलस यांनी १९२६ मध्येच विचारांच्या चार पायऱ्या मांडल्या होत्या, तयारी, मुरणं, उजळणं आणि पडताळणं. दुसरी पायरी आपण फार घाईनं गाळतो. पहिल्या वाचनात जो चुकीचा अर्थ मनात घट्ट बसतो, तो सैल व्हायला वेळ लागतो, आणि समोर बसून राहिलं तर तो आणखी घट्ट होतो. सागरच्या बाबतीत तेच झालं ना? 'गरजतो' हा शब्द एकदा कानात शिरल्यावर डोळ्यांना अक्षरं दिसेनात.

वेगाचं मनावर घेऊ नका. १९४२ च्या जानेवारीत 'डेली टेलिग्राफ'नं बारा मिनिटांच्या आत कोडं सोडवायची स्पर्धा घेतली होती आणि त्यातल्या काहींना पुढे युद्धकाळातल्या सांकेतिक लिपी उलगडण्याच्या कामासाठी पत्रं आली. तशी माणसं असतात. मला एका कोड्याला आठवडा लागतो, आणि तो आठवडा चांगला जातो.

आणि उत्तर बघितलंत तर तिथे थांबू नका. ते का आहे ते स्वतः शोधा. फोड स्वतः केली तर निम्मं कोडं तुमचंच.

पेन्सिल-खोडरबर

याला दुजोरा. उत्तर आणि फोड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलंच कोडं, हे तुमच्यासाठी रचलंय. बाकीच्यांनी कृपया दोन दिवस गप्प राहावं.

सारखा आत तबल्याचा बोल, तीच तृप्ती (४)

पहिलंच कोडं

समाधान! तृप्ती म्हणजे समाधान, स-मा-धा-न, चार अक्षरं. पण तबल्याचं काय ते कळत नाही.

पेन्सिल-खोडरबर

उत्तर बरोबर. आता फोड.

पहिलंच कोडं

'धा' हा तबल्याचा बोल आहे, हे आत्ता लक्षात आलं. तो शब्दाच्या आत आहे म्हणजे 'आत'चाही हिशेब लागला. 'सारखा' राहिलं. सारखा म्हणजे सतत, नेहमी, एकसारखा, अखंड. 'सदा' घेऊन बघितलं, स तर जुळतो, पण पुढे काही नाही. 'सतत'ही तसंच.

कुणी सांगू नका.

अक्षरजुळणी

कुणी सांगत नाही. एवढंच म्हणते की 'धा' बाजूला काढून उरलेल्याकडे बघा.

पहिलंच कोडं

रात्र जाऊ दिली. सकाळी उठले तेव्हा काही नव्हतं. दुपारी दोन मापं शेजारी ठेवून बघत होते, ती सारखी आहेत का म्हणून. आणि हात तिथेच थांबला.

सारखा म्हणजे सतत नाही. सारखा म्हणजे समान! स-मा-न, त्याच्या आत धा. समा-धा-न. 'तीच' दोन टोकं जोडतं आणि तृप्ती शेवटी बसली आहे. एक शब्दही उरत नाही. मी सगळा वेळ तबला सारखा वाजतोय असंच ऐकत होते.

पुढचं द्या.